कोण, कुठून, कशासाठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं. दप्तर पुढ्यात आलं की बेरजेच्या आधी ते नोंदीखालची सही पाहत. ही नोंद कोणी केली आणि त्याला तसा अधिकार होता का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. त्यांनी तपासली ती दप्तरं आता कपाटात राहिलेली नाहीत. खतावणी, सभासदांची यादी, पिग्मीची रोजची जमा, कर्जाचे हप्ते, जामीनदारांचे आधार क्रमांक हे सगळं एका डेटाबेस सर्व्हरमध्ये असतं. तो सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या एका खोलीत असतो, नाहीतर शहरातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला असतो. शाखा तिथून चाळीस किलोमीटर लांब, सॉफ्टवेअरवाला पुण्यात, लेखापरीक्षक तिसऱ्याच गावी. या सगळ्यांना त्या दप्तरापर्यंत पोचायचं असतं. दूरच्या डेटाबेसपर्यंत त्यांना ओळख पटवून कसं पोचू द्यावं, हा माझा आजचा विषय आहे.

विषय तांत्रिक आहे, आणि मी तो तांत्रिक तपशिलासकट मांडणार आहे. त्यातले निर्णय संचालक मंडळाने घ्यायचे असतात, असं माझं ठाम मत आहे. कोणाला आत घ्यायचं हा कारभाराचा प्रश्न आहे. तो आपण बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलावर सोडून दिला आहे, आणि त्या मुलावर त्याचा भार टाकणं अन्यायाचं आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१६च्या शेवटच्या आठवड्यात व्हिक्टर गेव्हर्स या डच सुरक्षा-संशोधकाला मोंगोडीबी प्रकारचा एक डेटाबेस असा सापडला, की त्यातला सगळा मजकूर गेलेला होता आणि त्या जागी 'वॉर्निंग' नावाचा एकच संग्रह उरला होता. आत चिठ्ठी होती: ०.२ बिटकॉइन पाठवा, डेटा परत मिळेल. त्या वेळच्या भावाने ही रक्कम दोनशे डॉलरच्या आसपास होती. पुढच्या काही दिवसांत हाच प्रकार जगभर पसरला. जानेवारी २०१७च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वीस हजारांहून जास्त डेटाबेस असे रिकामे झाले होते. एका टोळीने ठेवलेली चिठ्ठी पुसून दुसरी टोळी आपली ठेवू लागली, तेव्हा पैसे नेमके कोणाला पाठवायचे हेही मालकांना कळेना. ज्यांनी पाठवले त्यांतल्या अनेकांना काहीच परत मिळालं नाही, कारण पुष्कळ ठिकाणी चोरांनी डेटा उचलून नेलाच नव्हता. तो नुसता पुसून टाकला होता.

हे करायला फार मोठी बुद्धी लागली नव्हती. पासवर्ड फोडण्याची वेळच आली नाही, कारण पासवर्ड नव्हता. मोंगोडीबीचा सर्व्हर २७०१७ या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतो. २०१४च्या २.६ या आवृत्तीआधी तो बसवला की यंत्र ज्या ज्या नेटवर्कला जोडलेलं असेल त्या सगळ्यांवर तो ऐकू लागे, आणि आलेल्याची ओळख विचारण्याची सोय बंद असे. ती चालू करणं मालकाच्या हाती होतं. २.६ पासून लिनक्सच्या तयार पॅकेजमध्ये तो फक्त स्वतःच्या यंत्रावरून आलेल्या विनंत्या ऐकू लागला. सर्व प्रकारच्या प्रतींसाठी ही सुधारणा व्हायला मात्र २०१७च्या अखेरची ३.६ ही आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात इशारे मिळाले नव्हते असं नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये जर्मनीतल्या सारलँड विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी असे जवळपास चाळीस हजार उघडे डेटाबेस शोधून दाखवले होते.

मूळ निर्मात्यांचा हेतू वाईट नव्हता. नवशिक्याने सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं आणि पाच मिनिटांत काम सुरू करावं, एवढीच त्यांची इच्छा होती. स्वतःच्या लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला त्यात धोका नव्हता. मग त्या मुलाने लिहिलेला कार्यक्रम खऱ्या सर्व्हरवर गेला, त्याच्याबरोबर त्याच सवलती गेल्या, आणि त्या काढून घेण्याचं काम कोणाचंच नव्हतं.

हे असं होईल, हे १९७५ सालीच लिहून ठेवलेलं होतं. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. त्यात संरक्षण-व्यवस्था आखण्याची आठ तत्त्वं आहेत. त्यांतलं एक तत्त्व ते १९६५मध्ये ग्लेझर यांनी सुचवल्याचं सांगतात. प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारलेला असावा, मनाईवर नाही. काहीच सांगितलेलं नसेल तेव्हा उत्तर नकाराचं असावं, असं ते तत्त्व. त्यामागचं त्यांचं कारण मला फार मोलाचं वाटतं. चूक दोन्ही पद्धतींत होणार, हे ते गृहीत धरतात. पण परवानगीच्या पद्धतीत चूक झाली, तर ज्याला आत यायला हवं तो बाहेर अडकतो. तो लगेच तक्रार करतो आणि चूक त्याच दिवशी सापडते. मनाईच्या पद्धतीत चूक झाली, तर ज्याने येऊ नये तो आत येतो. तो तक्रार करत नाही. सगळं काम सुरळीत चाललेलं दिसतं आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. जानेवारी २०१७मध्ये ज्यांचे डेटाबेस रिकामे झाले, त्यांतल्या कित्येकांचं काम आदल्या दिवसापर्यंत उत्तम चाललं होतं.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: आमच्या तालुक्याच्या पतसंस्थेचा सर्व्हर कोण कशाला शोधेल? आम्ही पत्ता कोणाला दिलेलाच नाही. या उत्तराची ताकद २०१३मध्ये संपली. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केलं. साध्या गिगाबिट जोडणीच्या एका यंत्रावरून इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या सगळ्या पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का, हे ते पाऊण तासाच्या आत तपासू शकत होतं. हे पत्ते चार अब्जांहून जास्त आहेत. त्याच्याही आधीपासून, २००९पासून, शोडान हे शोधयंत्र अशी उघडी यंत्रं शोधून त्यांची सूची करत आहे आणि ती कोणालाही पाहता येते. शोधणाऱ्याला तुमच्या संस्थेचं नाव माहीत असावं लागत नाही. तो डेटाबेसची ठरलेली पोर्टं शोधत असतो: ५४३२ शोधत असतो, ३३०६ शोधत असतो, २७०१७ शोधत असतो. मोठ्यांच्या बाबतीतही हे होतं. ३० जानेवारी २०१९ रोजी टेकक्रंच या संकेतस्थळाने बातमी दिली, की भारतीय स्टेट बँकेच्या 'एसबीआय क्विक' या मिस्ड कॉल आणि एसएमएसवरून शिल्लक कळवणाऱ्या सेवेचा एक सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये पासवर्डाविना उघडा होता, आणि ग्राहकांना जाणारे संदेश त्यावर वाचता येत होते. त्या संदेशांत ज्यांची शिल्लक होती त्यांना याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. डेटाबेसमध्ये ज्यांची नावं असतात, ती माणसं त्याची व्यवस्था लावली जाताना खोलीत नसतात. म्हणून त्यांच्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारायला हवेत.

आता व्यवस्थेकडे येतो. उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतो. १९८६मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो वाढला, विनामूल्य आहे, आणि आपल्याकडच्या पुष्कळ सॉफ्टवेअरच्या पोटात तोच असतो. मला तो या विषयासाठी आवडतो, कारण त्याच्या प्रवेशाचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. फाइलचं नाव पीजी-एचबीए डॉट कॉन्फ. संगणकाची भाषा न येणाऱ्या संचालकालाही ती अर्ध्या तासात वाचायला शिकवता येते.

त्या फाइलच्या आधी आणखी एक जागा आहे. सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकावं, हे सांगणारी 'लिसन ॲड्रेसेस' ही नोंद. मुळात तिथे 'लोकलहोस्ट' असतं, म्हणजे सर्व्हर त्याच यंत्रावरच्या कार्यक्रमांशिवाय कोणाचंही ऐकत नाही. तुमचा हिशेबाचा कार्यक्रम आणि डेटाबेस एकाच यंत्रावर असतील आणि शाखा ब्राउझरमधून त्या कार्यक्रमाशी बोलत असतील, तर डेटाबेसला बाहेरचं काही ऐकण्याची गरज नाही. मग ही नोंद आहे तशीच राहू द्यावी. दूरच्या प्रवेशाची मागणी येते तेव्हा बाहेरचं ऐकण्याची खरंच गरज आहे का, हाच प्रश्न पहिला विचारावा, आणि माझ्या पाहण्यात बऱ्याचदा मागणी तिथेच मिटते.

पण लेखापरीक्षकाला स्वतःच्या साधनाने थेट आकडे काढायचे असतील, किंवा वसुली विभागाचा वेगळा कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर चालत असेल, तर बाहेर ऐकावं लागतं. तेव्हा पीजी-एचबीए उघडायची. तिच्यातली प्रत्येक ओळ पाच गोष्टी सांगते. जोडणी कोणत्या प्रकारची, कोणता डेटाबेस, कोणता वापरकर्ता, तो कोणत्या पत्त्यावरून येईल, आणि त्याची ओळख कोणत्या पद्धतीने पटवायची. समजा ओळ अशी आहे: 'होस्ट-एसएसएल', मग 'हिशेब', मग 'लेखापरीक्षक', मग लेखापरीक्षकाच्या कार्यालयाचा एकच पत्ता, आणि शेवटी 'स्क्रॅम'. याचा अर्थ असा, की सांकेतिक आवरणातून आलेल्या जोडणीवर, फक्त हिशेब या डेटाबेसपुरतं, फक्त लेखापरीक्षक या नावाने, फक्त त्या एका पत्त्यावरून, आणि पासवर्डाची ओळख पुढे सांगणार आहे त्या स्क्रॅम पद्धतीने पटली तरच आत घ्यावं. फाइलमध्ये कोणतीच ओळ जुळली नाही, तर उत्तर नकाराचं. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांचं तत्त्व इथे अक्षरशः अमलात आलेलं आहे.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्व्हर वरून खाली वाचत येतो आणि जोडणी, डेटाबेस, नाव, पत्ता यांना जुळणारी पहिली ओळ सापडली की तीच धरतो. तिथे ओळख पटली नाही, तर खालच्या ओळीत दुसरी संधी नाही. त्यामुळे वर एखादी सैल ओळ घुसली की खालच्या सगळ्या काटेकोर ओळी निरुपयोगी होतात. आणि सैल ओळ कशी घुसते, ते सांगतो. ३१ मार्च असतो. संध्याकाळ झालेली असते. शाखेतून जोडणी होत नाही, वर्षअखेरीच्या नोंदी अडकलेल्या असतात, व्यवस्थापक फोनवर फोन करत असतात. पुण्यातला मुलगा सगळे डेटाबेस, सगळे वापरकर्ते, सगळे पत्ते आणि ओळखीच्या जागी 'ट्रस्ट' अशी ओळ सगळ्यात वर टाकतो. सगळ्या पत्त्यांसाठी चार शून्यं आणि तिरक्या रेषेपुढे पाचवं शून्य लिहितात. त्याचा अर्थ अख्खं जग. 'ट्रस्ट' म्हणजे जो जे नाव सांगेल ते खरं मानायचं. जोडणी होते, नोंदी होतात, सगळे घरी जातात. एक एप्रिलला ती ओळ काढायची असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पत्त्याची अशी सूट एका चिन्हाने मिळते: वापरकर्त्याच्या नावापुढे पत्त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकलं की कुठूनही या.

त्या मुलाला दोष देऊन भागणार नाही. त्या संध्याकाळी त्याच्यापाशी दुसरा तयार रस्ता असता, तर त्याने तो घेतला असता. म्हणून अडचणीच्या वेळची वाट आधी बांधून ठेवावी लागते. ती वाट म्हणजे डेटाबेसला इंटरनेटवर उघडं न करता त्याच्यापर्यंत जाणारी खाजगी जोडणी. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात, नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर, टाटू इलोनेन यांनी एसएसएच हे सुरक्षित जोडणीचं साधन लिहिलं. त्याच्यातून बोगदा काढता येतो. तुमच्या यंत्रावरचं एक पोर्ट पलीकडच्या सर्व्हरच्या आतल्या पोर्टशी जोडलं जातं, आणि मधल्या वाटेत कोणाला काही दिसत नाही. डेटाबेस 'लोकलहोस्ट'वरच ऐकत राहतो. कायमच्या शाखांसाठी वायरगार्डसारखी खाजगी जाळ्याची सोय बरी. ती २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. प्रत्येक यंत्राची स्वतःची किल्ली असते, आणि ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याला सर्व्हर उत्तरसुद्धा देत नाही. अशी वाट पहिल्या दिवशी दोन तास घेते. ते दोन तास मार्चच्या आधी कधीतरी काढावेत.

इथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो जाणकारांनाही फसवतो. अलीकडे डेटाबेस डॉकरमध्ये, म्हणजे कार्यक्रम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणाऱ्या साधनात, चालवतात. उबंटू या लिनक्सवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये तुम्ही पोस्टग्रेसचं ५४३२ हे पोर्ट बंद केलेलं असतं. फायरवॉलची यादी पाहिली तर ते बंदच दिसतं. पण डॉकरमध्ये पोर्ट उघडताना पत्ता दिला नाही, तर डॉकर ते सगळ्या नेटवर्कवर उघडतो आणि लिनक्सच्या आतल्या नियमांत स्वतःची वाट काढतो. यूएफडब्ल्यूचे नियम त्या वाटेवर लागतच नाहीत. पोस्टग्रेसची डॉकरमधली अधिकृत प्रत तर पीजी-एचबीएमध्ये सर्व पत्त्यांसाठी एक ओळ स्वतःच घालते. ती पासवर्ड मागते, हे खरं. पण मग सगळं संरक्षण त्या एका पासवर्डावर येऊन टेकतं. म्हणून फायरवॉलच्या यादीवर विश्वास न ठेवता, बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून, ते पोर्ट खरोखर उत्तर देतं का हे तपासून पाहावं.

आता ओळख पटवण्याच्या पद्धतीकडे येतो. पोस्टग्रेसमध्ये पुष्कळ वर्षं 'एमडीफाइव्ह' ही पद्धत होती. पासवर्ड आणि वापरकर्त्याचं नाव एकत्र करून त्याचा गाळीव अंश, म्हणजे हॅश, सर्व्हरवर ठेवला जाई. अडचण अशी, की तो अंश ज्याच्या हाती लागला, उदाहरणार्थ बॅकअपची फाइल चोरून, त्याला मूळ पासवर्ड शोधायचीही गरज नव्हती. त्या अंशावरच आत येता येई. २०१७मधल्या १०व्या आवृत्तीत स्क्रॅम आली आणि २०२१मधल्या १४व्या आवृत्तीत नव्या पासवर्डांसाठी तीच मूळ पद्धत झाली. स्क्रॅममध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही. दोन्ही बाजू एकमेकींना यादृच्छिक मजकूर पाठवतात, आणि वापरकर्त्याचं यंत्र पासवर्डावर हजारो वेळा गणित करून असा पुरावा तयार करतं, की जो फक्त त्या एका भेटीपुरताच खरा असतो. पोस्टग्रेसमध्ये ही आवर्तनं मुळात ४०९६ असतात. सर्व्हरवर जे साठवलेलं असतं त्यावरून पुरावा तपासता येतो, पण तयार करता येत नाही. त्यामुळे चोरलेल्या बॅकअपवरून चोराला सरळ लॉगिन करता येत नाही. शेवटी सर्व्हरही आपल्या बाजूचा पुरावा परत पाठवतो, आणि त्यावरून त्याच्यापाशी या वापरकर्त्याची खरी नोंद आहे, हे समोरच्याला कळतं.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि सगळ्यात दुर्लक्षित तोच आहे. आपण सर्व्हरच्या बाजूने विचार करतो: येणारा कोण? येणाऱ्यानेही विचारलं पाहिजे: मी ज्याच्याशी बोलतोय तो खरंच माझ्या संस्थेचा सर्व्हर आहे का? 'मी बँकेतून बोलतोय' असं म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका, हे आपण आज घरोघरी आई-वडिलांना शिकवतो. आपल्या शाखेतलं सॉफ्टवेअर मात्र पहिल्या भेटीत जो सर्व्हर म्हणून उभा राहील त्याला पासवर्ड द्यायला तयार असतं. पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या ग्राहक-सॉफ्टवेअरमध्ये सांकेतिक आवरणासंबंधीची मूळ निवड 'प्रिफर' अशी असते. जमलं तर आवरण घ्यायचं, नाही जमलं तर उघड्यावर बोलायचं. 'रिक्वायर' लिहिलं तर आवरण सक्तीचं होतं, पण पलीकडचा कोण आहे हे एरवी तपासलं जात नाही. मध्येच उभ्या राहिलेल्या तोतयाशीसुद्धा आवरण घालून बोलता येतं. आणि तो तोतया 'स्क्रॅम नको, पासवर्ड सरळ सांग' असं म्हणाला, तर पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअर तोही सांगून टाकतं. 'व्हेरिफाय-फुल' लिहिलं तरच सर्व्हरचं प्रमाणपत्र विश्वासू अधिकाऱ्याने दिलेलं आहे आणि त्यावरचं नाव आपण हाक मारलेल्या नावाशी जुळतं, या दोन्ही गोष्टी तपासल्या जातात. १६व्या आवृत्तीपासून 'मी फक्त स्क्रॅमनेच ओळख देईन' असं ग्राहकाच्या बाजूने बजावूनही ठेवता येतं. प्रत्येक शाखेच्या यंत्रावर ही एकेक ओळ लिहायची आहे. खर्च काही नाही.

आत आलेला माणूस काय करू शकतो, हा यापुढचा प्रश्न. ओळख पटली म्हणजे सगळे अधिकार मिळाले, असं होता कामा नये. पुष्कळ संस्थांत सगळे एकाच 'पोस्टग्रेस' नावाने येतात, म्हणजे ज्याला कशाचीच मनाई नाही अशा मुख्य वापरकर्त्याच्या नावाने. ९.३ या आवृत्तीपासून हा मुख्य वापरकर्ता डेटाबेसच्या आतून सर्व्हरच्या यंत्रावर कोणतीही आज्ञा चालवू शकतो. डिसेंबर २०२०मध्ये उघडकीला आलेली पीजीमायनर ही टोळधाड नेमकी हेच करत होती. 'पोस्टग्रेस' या नावाचा कच्चा पासवर्ड एकामागून एक अंदाज करून शोधायचा, आणि मग त्या यंत्राला आभासी चलन खणायला लावायचं. म्हणून मुख्य वापरकर्त्याला नेटवर्कवरून येऊच देऊ नये. पीजी-एचबीएमध्ये त्याच्यासाठी फक्त त्याच यंत्रावरची ओळ ठेवावी.

बाकीच्यांना त्यांच्या कामापुरतं द्यावं. लेखापरीक्षकाला वाचायचं आहे, तर वाचण्याचाच अधिकार. १४व्या आवृत्तीपासून सगळं वाचता यावं पण काहीही लिहिता येऊ नये यासाठी तयार भूमिकाच दिलेली आहे. वसुली विभागाला कर्जखाती दिसली की पुरे, सभासदांचे आधार क्रमांक दिसण्याचं कारण नाही. शिवाय माणूस तितकी नावं हवीत. शाखेच्या चौघांनी 'शाखा१' या एका नावाने काम केलं, तर नोंदवहीत चौघेही एक होतात. सुरुवातीला मी ज्या लेखापरीक्षकांचा उल्लेख केला, त्यांनी अशी सही असलेलं दप्तर परत पाठवलं असतं. जोडणी कधी झाली, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नावाने, हे पोस्टग्रेस लिहून ठेवू शकतो. मुळात ते लिहिणं बंद असतं आणि चालू करायला एक ओळ लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. दंडाची भीती मी फार लावणार नाही. ज्या बाईने पतसंस्थेत दागिने ठेवून मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं, तिचं कर्ज गावाला कळू नये, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता शेवटचा मुद्दा, माणूस सोडून जातो तेव्हाचा. वसुली अधिकाऱ्याने नोकरी सोडली, सॉफ्टवेअरवाल्याशी करार संपला, की त्यांची ओळ काढायची आणि नावाचा प्रवेश बंद करायचा, हे बहुतेकांना पटतं. पण पीजी-एचबीएमधली ओळ पुसल्याने काही होत नाही. सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचायला सांगावं लागतं. सांगितल्यावर नियम नव्याने येणाऱ्यांना लागू होतात. आधीच आत असलेली जोडणी तशीच चालू राहते. वापरकर्त्याचं लॉगिन बंद केलं तरी त्याची चालू जोडणी तुटत नाही. काही कार्यक्रम जोडण्यांचा साठा उघडा ठेवतात आणि त्या जोडण्या दिवसेंदिवस तशाच जिवंत राहतात. त्यामुळे ज्याला कालच निरोप दिला, तो आजही त्याच जोडणीतून वाचत असू शकतो. पोस्टग्रेसमध्ये या घडीला आत कोण आहे याची यादी 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी' या तक्त्यात दिसते. नाव, पत्ता आणि जोडणी सुरू झाल्याची वेळ, तिन्ही असतात. त्यात त्या माणसाच्या नावाच्या सगळ्या जोडण्या शोधायच्या, एकेक करून तोडायच्या, आणि यादी पुन्हा पाहायची. ते नाव परत दिसलं, तर एखाद्या कार्यक्रमात त्याचा पासवर्ड अजून लिहिलेला आहे, असं समजायचं आणि तो कार्यक्रम शोधायला लागायचं.